बुखेनवाल्डची बनावट लस आणि डॉ. लुडविक फ्लेक: फॉरवर्डमधलं खरं किती?

तेरणाकाठ (धाराशिव)

नमस्कार मंडळी. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला आमच्या कनिष्ठ महाविद्यालयातली मुलं भित्तिपत्रक लावतात आणि एक टेबल मांडतात. यंदाचा विषय 'युद्ध आणि लस'. मुलांनी त्यासाठी व्हॉट्सॲपवर फिरणारा एक मजकूर आणलाय. त्याचा सारांश असा:

"लुडविक फ्लेक या ज्यू शास्त्रज्ञाने रुग्णांच्या लघवीतून टायफसची लस शोधली. नाझींनी त्याला छळछावणीत टाकून लस बनवायला लावली. त्याने बाटल्यांत नुसतं पाणी भरून दिलं, त्यामुळे हजारो जर्मन सैनिक मेले. शिवाय टायफसची खोटी साथ उभी करून त्याने आठ हजार ज्यूंचे प्राण वाचवले."

वाचायला जबरदस्त आहे, पण भिंतीवर लावायच्या आधी खातरी हवी. लघवीतून लस हे शास्त्राला धरून आहे का? पाणी भरून दिलं असेल तर इतक्या शिस्तीच्या जर्मनांना ते कळलं कामून नाही? फ्लेकचं पुढं काय झालं? आणि टेबलावर मुलांच्या हातानं करून दाखवता येईल असं यातलं काही आहे का? आमच्याकडे १०० च्या ऑइल लेन्सचा एक चांगला मायक्रोस्कोप आहे, जिम्सा स्टेन (पेशी आणि जंतू रंगवायचा रंग) मिळू शकतो. जाणकारांनी सविस्तर लिहावं.

---

सूक्ष्मदर्शी (नांदेड)

मॅडम, या मजकुरात दोन वेगळ्या माणसांच्या गोष्टी एकत्र शिवल्यात. लघवी आणि बनावट लस हा भाग फ्लेकचा. खोट्या साथीचा भाग पोलंडमधल्याच दुसऱ्या डॉक्टरांचा, ते ज्यू नव्हते. 'पाणी' आणि 'हजारो मेले' ही वरून टाकलेली फोडणी आहे.

मुलांना आधी एक सांगून ठेवा, नाहीतर सगळं भित्तिपत्रक चुकेल: टायफस म्हणजे टायफॉइड नव्हे. टायफॉइड दूषित पाण्या-अन्नातून होतो, त्याचा जंतू साल्मोनेला. साथीचा टायफस रिकेट्सिया प्रोवाझेकी या जंतूमुळे होतो आणि तो पसरवतात उवा. त्याही डोक्यातल्या नव्हेत, कपड्यांच्या शिवणीत राहणाऱ्या अंगावरच्या उवा. ऊ चावते, तिची विष्ठा कातडीवर पडते, माणूस खाजवतो आणि जंतू आत जातो. थंडी, उपासमार, दाटीवाटी, अंघोळ नाही, कपडे बदलायला नाहीत, अशा ठिकाणी हा रोग वणव्यासारखा पेटतो. पहिल्या महायुद्धानंतर रशियात याचे दोन-तीन कोटी रुग्ण झाले आणि सुमारे तीस लाख माणसं गेली असं मानतात. जर्मनांना या रोगाची धास्ती होती ती यामुळं.

त्या धास्तीचा वापर नाझींनी ज्यूंविरुद्ध केला. व्यापलेल्या पोलंडमध्ये 'ज्यू, उवा, टायफस' अशी भित्तिपत्रकं लावली. रोगाचं कारण दाखवून ज्यूंना घेट्टोत, म्हणजे शहरातल्या बंदिस्त वस्तीत, कोंडलं. घेट्टोत एका खोलीत कित्येक कुटुंबं, साबण नाही, कोळसा नाही. मग टायफस आलाच, आणि तोच पुरावा म्हणून पुढं केला. भित्तिपत्रकावर हा क्रम नीट दाखवा.

आता फ्लेक. जन्म १८९६, ल्वूफ शहरात. हे शहर तेव्हा ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात होतं, पुढं पोलंडमध्ये आलं, आज युक्रेनमध्ये ल्विव. डॉक्टर झाल्यावर त्यानं रुडॉल्फ वाइग्लकडे सहायक म्हणून काम केलं. वाइग्ल म्हणजे टायफसची पहिली खरोखर चालणारी लस करणारा माणूस. फ्लेकला विद्यापीठात कायमची जागा काही मिळाली नाही. विमा संस्थेच्या प्रयोगशाळेतली नोकरीही १९३५ मध्ये गेली, ज्यूविरोधी वातावरण तापलं होतं. त्याची स्वतःची खासगी प्रयोगशाळा होती, तिच्यावर तो तगला. त्याच वर्षी वैज्ञानिक तथ्य कसं जन्माला येतं यावर त्याचं जर्मन पुस्तक बाझेलला छापलं गेलं. फारसं कुणी वाचलं नाही.

१९३९ मध्ये शहर सोव्हिएत ताब्यात गेलं, तेव्हा कुठं त्याला वैद्यकीय संस्थेत सूक्ष्मजीवशास्त्राचं मोठं पद मिळालं. ३० जून १९४१ ला जर्मन शहरात शिरले आणि ते पद गेलं. पत्नी एर्नेस्तिना आणि मुलगा रिशार्द यांच्यासह फ्लेक घेट्टोत. तिथल्या ज्यू रुग्णालयात तो प्रयोगशाळा सांभाळत होता, आणि लघवीवरचं काम तिथलंच.

लघवीच कामून? रिकेट्सिया हा पेशीच्या आत वाढणारा जंतू. रक्तवाहिन्यांच्या अस्तराच्या पेशींत तो वाढतो, त्या पेशी फुटतात आणि जंतूचे तुकडे, म्हणजे प्रतिजन, रक्तात मिसळून मूत्रपिंडातून बाहेर पडतात. फ्लेकनं दाखवलं की टायफसच्या रुग्णाच्या लघवीत हा प्रतिजन सापडतो, आणि रक्तातली नेहमीची चाचणी पॉझिटिव्ह यायच्या आधी सापडतो. आधी त्याचा उपयोग लवकर निदानासाठी. मग पुढची पायरी: हाच प्रतिजन वेगळा करून टोचला तर शरीर प्रतिकारशक्ती तयार करील. घेट्टोत उवा पाळायची सोय नाही, प्राणी नाहीत, अंडी नाहीत. मुबलक होतं ते एकच, टायफसच्या रुग्णांची लघवी. ही लस त्यानं आधी स्वतःला आणि घरच्यांना टोचली, मग इतरांना. तेव्हा शास्त्राला धरून आहे का, तर आहे. युद्धानंतर, १९४७ मध्ये, त्यानं हे काम अमेरिकेतल्या टेक्ससच्या वैद्यकीय नियतकालिकात छापलंसुद्धा.

जर्मनांना पत्ता लागला. १९४२ च्या शेवटी त्याला आणि सहकाऱ्यांना 'लाओकून' नावाच्या औषध कारखान्यात नेऊन लस बनवायला लावलं. १९४३ च्या सुरुवातीला कुटुंबासकट आउश्वित्झच्या छळछावणीत. तिथं आधी ब्लॉक १० या इमारतीत रक्ततपासणी, मग जवळच राइस्कोला एसएस या नाझी दलाच्या हायजीन इन्स्टिट्यूटमध्ये. १९४३-४४ च्या हिवाळ्यात त्याला एकट्याला जर्मनीतल्या बुखेनवाल्डच्या छावणीत हलवलं. बनावट लस तिथली. ते कुणीतरी नीट लिहा, माझा हात दुखला.

---

गोदाकाठ (परभणी)

मी लिहितो. यात तंत्र समजल्याशिवाय गोष्ट समजत नाही, म्हणून जरा लांबण लागेल.

रिकेट्सिया अगारच्या (जंतू वाढवायच्या जेलीच्या) बशीवर वाढत नाही. जिवंत पेशीच लागते. त्यामुळं त्या काळात टायफसची लस म्हणजे आधी प्रश्न हा की जंतू वाढवायचा कुठं.

वाइग्लची वाट उवांची. उवा सुमारे बारा दिवस वाढवायच्या. मग भिंगाखाली एकेका उवेला चिमट्यात धरून तिच्या गुदद्वारातून अतिबारीक काचेच्या नळीनं जंतूंचा थेंब आत सोडायचा. त्यानंतर साधारण पाच दिवस तिला माणसाचं रक्त पाजायचं. त्यासाठी जाळी लावलेल्या छोट्या डब्या माणसांच्या पायाला बांधत, एका डबीत शेकडो उवा, रोज अर्धा-पाऊण तास. गणितज्ञ स्तेफान बानाख हा असाच एक 'उवा पोसणारा', कारण त्या कामाचं ओळखपत्र असलेल्याला जर्मन सहसा हात लावत नसत. शेवटी प्रत्येक उवेचं आतडं काढायचं, फिनॉलच्या ०.५ टक्के द्रावणात खलायचं, गाळ काढायचा. एका माणसाच्या पूर्ण डोसला नव्वदच्या आसपास उवा लागत. लस चांगली, पण लाखो सैनिकांना पुरणार कशी?

अमेरिकेत कॉक्सनं १९३८ मध्ये कोंबडीच्या अंड्यातल्या बलकाच्या पिशवीत जंतू वाढवला. फ्रान्समधल्या पाश्चर संस्थेच्या परंपरेतल्या द्युराँ आणि जिरू यांनी उंदीर-सशांच्या फुप्फुसात. बुखेनवाल्डच्या ब्लॉक ५० मध्ये एसएसनं ही सशाची पद्धत निवडली.

ब्लॉक ५० ऑगस्ट १९४३ पासून चालू झाला. प्रमुख एसएस डॉक्टर एर्विन डिंग, पुढं त्यानं आडनावाला शूलर जोडलं. काम करणारे सगळे कैदी. उत्पादनाची जबाबदारी पोलिश डॉक्टर मारियान चेपिएलोव्स्कीकडे, डिंगचा कारकून ऑयगेन कोगोन, पाश्चर संस्थेचा कीटकशास्त्रज्ञ आल्फ्रेड बालाखोव्स्की, आणि नंतर आलेला फ्लेक. सुरुवातीच्या गटातल्या बहुतेकांना जिवाणूशास्त्राचा हाताखालचा अनुभव नव्हता. हातात छापील पद्धत आणि डोक्यावर डिंग.

पद्धत थोडक्यात: टायफसच्या रुग्णाचं रक्त गिनी पिगला, तिथून जंतू उंदराच्या फुप्फुसात, तिथून सशाच्या. सशाला न्यूमोनिया झाला की फुप्फुस काढून बारीक वाटायचं, सेंट्रिफ्यूजवर फिरवून पेशींचा भरड चोथा वेगळा करायचा, वरचं गढूळ द्रावण घ्यायचं, फॉर्मॅलिन घालून जंतू मारायचे, कुप्या भरायच्या. मधल्या टप्प्यावर स्मिअर (काचेवर पातळ पसरलेला नमुना) करून रिकेट्सिया आहेत का ते मायक्रोस्कोपखाली बघायचं.

बिघडलं ते इथं. प्राण्याकडून प्राण्याकडे नेताना मूळ जंतूच हरवला. हे सहज होतं: रक्त चुकीच्या दिवशी काढलं, नमुना फार वेळ बाहेर राहिला, दुसऱ्याच जंतूचा संसर्ग वरचढ झाला. ससा तरी आजारी पडतोच, कारण फुप्फुसात काहीही परकं ढकललं की दाह होतो. दाह झाला की तिथं पांढऱ्या पेशींची, न्यूट्रोफिलची, झुंबड उडते. फुप्फुस वाटलं की त्या पेशी फुटतात आणि त्यांच्यातले दाणे सगळीकडे पसरतात. जिम्सानं हे दाणे जांभळट-लालसर दिसतात. रिकेट्सियाही जिम्सानं जांभळट-लालसर दिसतो, जाडी साधारण ०.३ ते ०.५ मायक्रॉन, लांबी एक-दोन मायक्रॉन. म्हणजे साध्या मायक्रोस्कोपच्या अगदी उंबरठ्यावरची वस्तू. ज्यानं खरा रिकेट्सिया कधी पाहिलाच नाही त्याला पुस्तकातलं चित्र आणि समोरचा दाणा यात फरक कळणार कसा?

त्यांना दाणे दिसले, तेच रिकेट्सिया ठरले. एकानं 'दिसतंय' म्हटलं, दुसऱ्याला दिसायला लागलं, डिंगला तर दिसायलाच हवं होतं. तापाचे आलेख, स्मिअर, सशाचं फुप्फुस, सगळं एकमेकांशी जुळत गेलं. फ्लेक आला, त्यानं वाइग्लकडे वर्षानुवर्षं खरे रिकेट्सिया पाहिलेले. त्याच्या लक्षात आलं की इथं रिकेट्सियाच नाहीत. १९४६ मध्ये त्यानं यावर पोलिश भाषेत लेख लिहिला. दहा वर्षं आधी पुस्तकात मांडलेला विचारसमूहाचा सिद्धान्त, म्हणजे गटाची नजर वस्तू कशी 'घडवते' ते, त्याला छावणीत जिवंत नमुन्यासकट सापडला.

मॅडम, तुमच्या फॉरवर्डमधली मोठी चूक ही आहे. खोटी लस कटातून जन्मली नाही, ती प्रामाणिक चुकीतून जन्मली. कट त्यानंतरचा: चूक लक्षात आल्यावर विश्वासातल्या कैद्यांनी गप्प राहायचं ठरवलं आणि तीच निरुपयोगी लस एसएससाठी काढत राहिले. बाजूला खरी लसही काढली, थोडीच, आणि ती कैद्यांना दिली, विशेषतः संसर्गाच्या जागी काम करणाऱ्यांना. कैद्यांनी पुढं दिलेले आकडे असे: खोटी सुमारे ६०० लिटर, खरी सुमारे ६ लिटर.

आणि बाटलीत पाणी नव्हतं. सशाच्या फुप्फुसाचं फॉर्मॅलिन घातलेलं गढूळ द्रावण होतं. पाणी असतं तर पहिल्याच दिवशी पकडले गेले असते.

---

तेरणाकाठ (धाराशिव)

गोदाकाठ सर, फार मोलाचं लिहिलंत. पण तपासणीचा प्रश्न उरलाच. बर्लिनला, इतर संस्थांना नमुने जात असतील ना? आणि लस टोचलेला सैनिक आजारी पडला तर बोंब झाली नसती का?

---

गोदाकाठ (परभणी)

नमुना मागितला की खऱ्या लसीतला पाठवायचा. सहा लिटरचा हाही एक उपयोग होता.

बाकी तपासण्यांचं म्हणाल तर कुपीवर सहज करता येणाऱ्या तपासण्या कोणत्या? निर्जंतुक आहे का ते बशीवर पेरून बघतात. खोटी लस त्यात पास, फॉर्मॅलिन होतंच. टोचल्यावर अपाय होतो का? होत नव्हता, बालाखोव्स्कीनं न्यूरेंबर्गला नाझींवरच्या खटल्यात साक्षीत तसंच सांगितलं. गढूळपणा सारखाच. लस खरंच संरक्षण देते का हे बघायचं तर प्राण्याला टोचून आठवडे थांबायचं, मग जिवंत जंतूचा मारा करायचा, सोबत न टोचलेले प्राणी ठेवायचे. दर बॅचला असं करणं त्या वेळी कुणाच्या आवाक्यात नव्हतं, आणि डिंगला तर नकोच होतं. त्याला वरिष्ठांपुढं उत्पादनाचे आकडे हवे होते. त्याच्या नावावरचे शास्त्रीय लेखसुद्धा कैदी लिहून द्यायचे.

सैनिक आजारी पडण्याबद्दल: त्या काळातली मृत जंतूंची कोणतीही टायफस लस, अगदी वाइग्लची धरून, संसर्ग शंभर टक्के थांबवत नसे. आजार सौम्य होई, मृत्यू कमी होत. त्यामुळं टोचलेला माणूस तापला तरी 'लस खोटी' असा निष्कर्ष कुणी लगेच काढत नाही. शिवाय एसएसच्या कपड्यांना वाफ होती, अंघोळ होती, उवा कमी होत्या. म्हणूनच 'हजारो सैनिक मेले' हे वाक्य काढाच. या लसीमुळं किती जण मेले याची मोजदाद झालेली नाही, तो आकडा कुणीतरी हवेतून काढलाय.

---

बालाघाट (बीड)

वरचं सगळं बरोबर, पण ब्लॉक ५० लिहून ब्लॉक ४६ गाळू नका. डिंगच्या हाताखालचाच तो दुसरा ब्लॉक. तिथं लशींची परीक्षा माणसांवर झाली: काही कैद्यांना लस टोचायची, काहींना नाही, मग सगळ्यांना टायफसच्या रुग्णाचं रक्त टोचून मुद्दाम आजारी पाडायचं. जंतू 'ताजा' राहावा म्हणून काही कैद्यांना नुसतं जंतूचं भांडं म्हणून वापरलं. कित्येक मेले. ब्लॉक ५० ला लागणारं रुग्णांचं रक्त याच ब्लॉकमधून यायचं. ते न सांगता नुसती हुशारीची गोष्ट सांगितली तर मुलांना वाटेल की ही मजेदार फसवाफसवी होती.

त्याच ४६ चा दुसरा उपयोगही झाला. एसएसवाले संसर्गाला घाबरून त्या ब्लॉकात पाय ठेवत नसत. १९४४ च्या शरद ऋतूत फाशी ठरलेले तीन दोस्त-राष्ट्रांचे हेर, त्यांत स्तेफान हेसेल, तिथं लपवले आणि टायफसनं मेलेल्या कैद्यांच्या नावांवर त्यांची नोंद बदलली. कोगोन आणि बालाखोव्स्की यात होते, डिंगला सामील करून घेतलं होतं. युद्ध हरतोय हे त्याला तोवर दिसू लागलं होतं. ११ ऑगस्ट १९४५ ला कैदेत त्यानं आत्महत्या केली. त्याचा वरिष्ठ योआखिम म्रुगोव्स्की नाझी डॉक्टरांवरच्या खटल्यात दोषी ठरला, १९४८ मध्ये फाशी.

खोट्या साथीची गोष्ट: ती ऑयगेनियुश वाझोव्स्की आणि स्तानिस्वाफ मातुलेविच या दोन पोलिश डॉक्टरांची, गाव रोझवादूफ. इथं आपल्या लॅबवाल्यांना ओळखीची चाचणी येते, वाइल-फेलिक्स. स्क्रब टायफसच्या (टायफसच्या जातीचाच दुसरा ताप) संशयात आजही मराठवाड्यातल्या कितीतरी छोट्या लॅब ओएक्स-१९, ओएक्स-२, ओएक्स-के अशा तीन कुप्या वापरतात. या कुप्यांत रिकेट्सिया नसतोच. असतो मेलेला प्रोटियस, एक अगदीच वेगळा जिवाणू. योगायोगानं त्याच्या आवरणातली साखरेची साखळी रिकेट्सियाच्या साखळीशी जुळते, म्हणून टायफसच्या रुग्णाच्या रक्तातली प्रतिद्रव्यं (अँटिबॉडी) प्रोटियसच्या गुठळ्या करतात. साथीच्या टायफसमध्ये ओएक्स-१९ जोरात येतो, स्क्रबमध्ये ओएक्स-के.

मातुलेविचनं हे उलटं फिरवलं. निरोगी माणसालाच मेलेला प्रोटियस ओएक्स-१९ टोचला तर? त्याचं शरीर प्रोटियसविरुद्ध प्रतिद्रव्यं करतं, आजार होत नाही, आणि जर्मन लॅबकडे गेलेलं रक्त 'पॉझिटिव्ह' येतं. पुरेसे पॉझिटिव्ह गेले की जर्मन त्या टापूला संसर्गक्षेत्र ठरवतात, सैनिक येत नाहीत, मजुरीसाठी धरपकड थांबते. मात्र 'आठ हजार ज्यू' जपून. ज्यूच्या नावावर टायफस लागला तर त्याला इलाज नव्हे, गोळी मिळायची. त्यामुळं इंजेक्शनं ज्यू नसलेल्या गावकऱ्यांनाच दिली. फायदा झाला तो मुख्यतः त्या गावांतल्या पोलिश लोकांना, आणि आठ हजार या आकड्याबद्दल अभ्यासकांत वाद आहे. भिंतीवर आकडा नकोच.

जाता जाता: ज्यांच्या नावाची ही चाचणी ते एडमुंड वाइल आणि आर्थर फेलिक्स दोघेही ज्यू. वाइल १९२२ मध्ये प्रयोगशाळेतच टायफस लागून वारला. ज्यांच्या नावावरून रिकेट्सिया प्रोवाझेकी हे नाव पडलं ते रिकेट्स आणि प्रोवाझेक हेही टायफसनंच गेले, १९१० आणि १९१५ मध्ये.

---

स्लाईड नंबर ७ (लातूर)

टेबलाचं मी सांगतो. दोन गोष्टी करता येतील, दोन्ही बिनधोक.

पहिली, 'दाणा की जंतू?' रक्ताची साधी फिल्म घ्या. मुलांची बोटं टोचू नका. शेजारच्या लॅबमधून तंत्रज्ञाकडूनच पातळ स्मिअर करून, रंगवून, डीपीएक्स (काच चिकटवायचं द्रव्य) लावून कव्हरस्लिप बसवलेल्या तीन-चार स्लाईड करून घ्या. त्यांना हे सांगा: हवेत पूर्ण वाळवून मिथेनॉलमध्ये २ ते ३ मिनिटं फिक्स, जिम्सा १ भाग आणि बफर ९ भाग, २० ते ३० मिनिटं, हलक्या धारेनं धुणं. जिम्सा दर वेळी ताजा मिसळायचा आणि गाळून घ्यायचा. जुन्या स्टेनची पुटं बसली की स्लाईडभर काळपट ठिपके येतात आणि मग त्या ठिपक्यांचेच जंतू होतात!

आपल्याकडचा खरा घोळ पाण्याचा. बोअरचं पाणी जड आणि अल्कली. त्यात स्टेन मिसळला किंवा त्यानं धुतलं की सगळी फिल्म निळीशार, लाल पेशी राखाडी, न्यूट्रोफिलचे दाणे दिसतच नाहीत. आरओचं पाणी कधीकधी उलट बाजूला जातं, फिल्म लालभडक होते. डिस्टिल्ड पाण्यात ६.८ ची बफर गोळी विरघळवा, मिसळायलाही तेच आणि धुवायलाही तेच.

फिल्मच्या शेपटीकडच्या कडेला काही पांढऱ्या पेशी फुटलेल्या असतात, त्यांचे दाणे बाहेर सांडलेले असतात. १०० च्या लेन्सखाली ती जागा पकडा आणि स्टेज तिथंच चिकटपट्टीनं अडवा. जवळपास प्लेटलेट्सचे पुंजकेही असू द्या. आता गंमत करायची. निम्म्या पाहुण्यांना सांगा, 'यात टायफसचे जंतू आहेत, मोजा.' निम्म्यांना सांगा, 'हे निरोगी रक्त आहे, काय दिसतं ते लिहा.' चिठ्ठ्या दोन वेगळ्या डब्यांत टाकायच्या. दोन्ही गट एकमेकांना ऐकू येणार नाहीत असे उभे करा, नाहीतर पहिल्याच चिठ्ठीनं बाकीच्यांचं ठरून जातं. संध्याकाळी आकडे फळ्यावर लिहा. ब्लॉक ५० मध्ये काय झालं ते यापेक्षा सोपं करून सांगता येणार नाही.

दुसरी, वाइल-फेलिक्सच्या गुठळ्या. रुग्णाचं सीरम लागत नाही. किटमध्ये पॉझिटिव्ह कंट्रोल असतं, निगेटिव्हसाठी सलाईन. ओएक्स-१९ ची एकच कुपी पुरे. फ्रीजमधून काढून अर्धा तास बाहेर ठेवा, हळू हलवून तळाला बसलेला जंतू एकसारखा करा. पांढऱ्या टाईलवर किंवा काचेवर एका गोलात सलाईनचा थेंब, दुसऱ्यात पॉझिटिव्ह कंट्रोलचा, दोन्हींत अँटिजेनचा (कुपीतल्या मेलेल्या प्रोटियसचा) एकेक थेंब. वेगवेगळ्या काडीनं मिसळा, काच हातानं गोल हलवत ठेवा, बरोबर एका मिनिटाला वाचा. कंट्रोलमध्ये दाणेदार गुठळ्या, सलाईनमध्ये एकसारखं दूध. पंखा बंद ठेवा. फेब्रुवारीअखेर आपल्याकडे दुपारी चांगलंच तापतं, थेंब कडेनं सुकतो आणि दोन मिनिटांनी सलाईनमध्येही गुठळ्या 'दिसतात'. खोटी पॉझिटिव्ह कशी येते हेही दाखवायचं असेल तर मुद्दाम एक काच तशीच सुकू द्या. अँटिजेन मेलेला आहे, तरी त्यात सोडियम अझाइड असतं, हातमोजे घाला, तोंडाजवळ नेऊ नका, नंतर भरपूर पाणी सोडून धुवा. कुपी गोठवू नका, गोठलेला अँटिजेन आपणहून गुठळ्या धरतो.

लॅबमध्ये रुग्णाची चाचणी करताना सीरम वेगवेगळ्या प्रमाणात घेऊन वाचतात, ते टेबलावर नको, गर्दीत गोंधळ होईल. आणि मुलांना हे जरूर सांगा की पहिल्या आठवड्यात ही चाचणी बऱ्याचदा निगेटिव्हच येते. म्हणून आज स्क्रबसाठी आयजीएम एलायझा ही प्रतिद्रव्यांची चाचणी बघतात, आणि संशय पक्का असला तर डॉक्टर रिपोर्टची वाट न बघता डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक चालू करतात.

---

तेरणाकाठ (धाराशिव)

सगळ्यांचे आभार. फ्लेकचं शेवटी काय झालं ते तेवढं राहिलं. आणि एक मुलगा विचारतोय, मुंबईच्या हाफकिनचं नाव यात घेता येईल का?

---

सूक्ष्मदर्शी (नांदेड)

११ एप्रिल १९४५ ला बुखेनवाल्ड मुक्त झालं, फ्लेक जिवंत बाहेर आला. पत्नी आणि मुलगाही वाचले. ल्वूफमध्ये लाखाहून जास्त ज्यू होते, त्यांतले फार थोडे उरले, तेव्हा एका घरातले तिघं राहणं दुर्मीळच. ते वाचले ते त्याच्या हातातल्या कामाची जर्मनांना गरज होती म्हणून. भित्तिपत्रकावर हे स्पष्ट लिहा, दयामाया कुणी दाखवली नव्हती.

पुढं लुब्लिनच्या विद्यापीठात प्राध्यापक, मग वॉर्सात. पांढऱ्या पेशी दाहात एकमेकींना चिकटून पुंजके करतात, त्यावर त्याचं बरंच काम आहे, त्याला त्यानं ल्युकर्जी म्हटलं. १९४८ मध्ये न्यूरेंबर्गला आय. जी. फार्बेन या जर्मन रसायन कंपनीवरच्या खटल्यात साक्ष दिली. १९५४ मध्ये पोलिश विज्ञान अकादमीवर निवड, १९५७ मध्ये इस्राएलला, नेस झिओनाच्या जैवसंशोधन संस्थेत. जून १९६१ मध्ये तिथंच वारला. पुढच्याच वर्षी विज्ञानाचा तत्त्वज्ञ टॉमस कून यानं आपल्या प्रसिद्ध पुस्तकाच्या प्रस्तावनेत त्याचं नाव घेतलं, आणि १९७९ मध्ये इंग्रजी भाषांतर आलं तेव्हा लोक १९३५ चं ते पुस्तक शोधू लागले.

हाफकिन ज्यू होता, ओडेसाचा. प्लेगची लस त्यानं भायखळ्याला ग्रँट मेडिकल कॉलेजात केली आणि १० जानेवारी १८९७ ला आधी स्वतःला टोचून घेतली. पण तो १९३० मध्येच वारला, नाझी सत्तेवर यायच्या तीन वर्षं आधी. 'युद्ध आणि लस'मध्ये त्याला ओढू नका, त्याच्यासाठी वेगळा तक्ता करा.

---

स्लाईड नंबर ७ (लातूर)

मॅडम, एक राहिलं. ऑइल लेन्स दर वीस-पंचवीस पाहुण्यांनंतर लेन्स पेपरनं पुसा, झायलीन अगदी थोडं. मुलं रुमालानं पुसतात आणि लेन्सवर चरे पडतात. शिवाय ४० च्या लेन्सला तेल लागू देऊ नका. गर्दीत कुणीतरी नोजपीस (लेन्स बदलायची फिरती चकती) फिरवतंच, म्हणून त्यालाही चिकटपट्टी लावून टाका.